अर्धा सेट

रद्दीवाल्या भोराच्या काट्यावर बॅग ठेवली.
चौदाच्या चौदा क्लब तेवीस किलोंत बसत नाहीत,
म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी
आणि दस्तगीरच्या गुडघ्याचं तेल धरून.
"लाकडं काढ," दस्तगीर म्हणाला,
"तिकडच्या वाऱ्यात चेंडू उंच मारेल तो वेडा."
लाकडं काढली. चार नंबर काढला. पटर ठेवला.
सात नंबरचं लोखंड काढायचा प्रश्नच नव्हता.
त्या एकावर दोघं शिकलो,
सोमवारी, कोर्स बंद असताना,
माळ्याला बिडीबंडल देऊन.
भोरा म्हणाला, विकायचं असेल तर
लोखंडाचा आजचा भाव सांगतो.

वही दुधाच्या हिशेबाची, मागून उघडलेली.
तबस्सुम, दस्तगीरची सून, खराडीहून आली
की मोबाइलवर बघून वाचते, मी लिहितो.
एडिंबरा. तिथून ल्यूकर्स. पुढे बस.
नॉर्थ बेरिक; मधला डब्ल्यू खायचा.
कार्नूस्टीला उतरलं की कोर्स हाकेवर.
साठीच्या पुढे कार्ड काढा, तिकिटात तिसरा हिस्सा सूट.
"म्हातारं झाल्याबद्दल?" दस्तगीरनं दोनदा विचारलं.
तिकीट आधी घेतलं तर परवडतं;
ऐनवेळी घेतलं तर तेवढ्यात
दौंडला वर्षभर जा-ये होईल.
एका ठिकाणी गाडी बदलायला सहा मिनिटं.
सहा मिनिटांत दस्तगीर एक जिना चढतो.
समासात लिहिलं: पुढची गाडी. घाई नाही.

एका खेड्यात म्हणे नऊ होलचा कोर्स आहे,
फी पेटीत टाकायची, बघायला कोणी नाही.
"आणि लोक टाकतात?"
टाकत असतील.
"आपण टाकायची," दस्तगीर म्हणाला, जरा जोरातच.

चाळीस वर्षं येरवड्याला
विमानं डोक्यावरून लोहगावला उतरली.
पोटाखालचे स्क्रू दिसतील इतकी खाली.
साहेब लोक तेवढा वेळ थांबायचे, आवाज जाईपर्यंत,
आणि आम्ही बॅग खांद्यावर घेऊन वर बघायचो.
आत बसल्यावर कोर्स दिसतो का,
हे आम्हाला अजून माहीत नाही.
खिडकीच्या सीटचे वेगळे पैसे. लिहिले. खोडले.
परत लिहिले.

मग सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्स.
फी ऐकली आणि पेन खाली ठेवलं.
दोघांची होत नाही.
एकाची होते, कशीबशी,
तीही सोडतीत नाव निघालं तर.
खाली कॅडीचे पैसे निराळे.
ते ऐकून दस्तगीर इतका हसला
की तबस्सुमनं पाणी आणलं.
"एकानं खेळायचं, एकानं उचलायची.
कॅडी शून्य. लिही, शून्य."
शून्य लिहिलं.
मग कोण खेळणार, ते दोघांपैकी कोणी बोलेना.
मी म्हटलं तू. तो म्हणाला गुडघा.
मी म्हटलं, गुडघ्यानं बॅग तरी कशी उचलशील?
तो म्हणाला, ती उचलता येते, तिची सवय आहे.

रविवारी तिथे खेळ बंद असतो.
तबस्सुमनं सहज वाचलं, चहा गाळता गाळता.
लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं पळतात,
कोणीही यावं, चालावं. फुकट.
शेजारीच हिमालय नावाची हिरवळ,
उंचसखल, नुसतं पटिंग, थोडक्या पैशांत.
"एवढ्या लांब जाऊन हिमालय," दस्तगीर म्हणाला.

चहा घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो.
नागपूर चाळीचा रस्ता तो, कितीसा रुंद,
तरी तो माझ्या डाव्या हाताला,
अर्धं पाऊल मागे.
मी थांबलो, तो थांबला.
मी मागे आलो, तो आणखी मागे.
"काय रे?"
काही नाही, म्हटलं.

घरी येऊन वहीत रविवारापुढे लिहिलं:
जुना कोर्स, अठराच्या अठरा, चालत. खर्च नाही.
बरोबर चालायचं.
खाली: छत्री एक की दोन?
दस्तगीरला विचारणे.